गोळीचा हिशेब मांडणारा कॅप्टन

मध्य भारताच्या जंगलांवर अभिजात ग्रंथ लिहिणारा कॅप्टन जेम्स फॉरसिथ वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षाच्या आसपास हे जग सोडून गेला. निसर्गप्रेमींना तो पचमढीमुळे ठाऊक आहे. पण कोणत्या जनावरासाठी कोणती बंदूक आणि कोणती गोळी, या प्रश्नाचा त्याने केलेला विचार त्याच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनीही विदर्भाच्या रानांत लागू पडतो.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात, बोराटीच्या परिसरात, ‘टी-१’ या वाघिणीला गोळी घालण्यात आली. ‘अवनी’ या नावाने ती देशभर गाजली होती. दोन वर्षांत तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर असल्याचे वनखात्याचे म्हणणे होते. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापासून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले होते. गोळी सुटल्यानंतरही वाद शमला नाही. भुलीचा बाण आधी लागला की गोळी, नेमबाज किती अंतरावर होता, वाघीण अंगावर येत होती की पाठमोरी होती, गोळी कोणत्या कोनातून शिरली, अशा प्रश्नांची चर्चा मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांतही झाली. ज्यांनी जन्मात कधी बंदूक हाती धरली नाही त्यांनाही त्या दिवसांत उमगले की, मोठ्या जनावरावर गोळी झाडणे ही केवळ नेमबाजीची गोष्ट नव्हे. अंतर, बंदूक, गोळी आणि जनावराची स्थिती यांचा तो हिशेब असतो आणि तो चुकला की त्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.

हा हिशेब याच प्रदेशाच्या शेजारी, सातपुड्याच्या कुशीत, एकोणिसाव्या शतकात एका तरुण अधिकाऱ्याने अतिशय बारकाईने मांडला होता. त्याचे नाव जेम्स फॉरसिथ. त्याने ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. जंगलावर प्रेम करणाऱ्या तीन-चार पिढ्यांनी तो वाचला आणि जपला. त्याआधी त्याने आणखी एक छोटेखानी पुस्तक लिहिले होते. ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हे त्याचे नाव. शिकारीची रायफल आणि तिच्या गोळ्या, एवढाच त्याचा विषय. पहिला ग्रंथ आजही नव्या आवृत्त्यांतून वाचकांपुढे येत असतो. दुसरा मात्र जुन्या बंदुकांच्या जाणकारांपुरता उरला. फॉरसिथचे चरित्र समजून घ्यायचे तर दोन्ही पुस्तके एकत्र ठेवावी लागतात.

फॉरसिथचा जन्म १८३८ चा. इंग्लंडमध्ये विद्यापीठाचे शिक्षण घेऊन त्याने एम. ए. ची पदवी मिळवली आणि नोकरीसाठी तो हिंदुस्थानात आला. लष्करी सेवेच्या दृष्टीने तो बंगाल स्टाफ कोअरचा अधिकारी होता. प्रत्यक्षात त्याची बहुतेक कारकीर्द जंगलखात्यात आणि मुलकी कारभारात गेली. तो आला तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले होते. १८५७ चा उठाव नुकताच शमला होता. १८६१ साली नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेचा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत नावाचा नवा प्रांत निर्माण करण्यात आला आणि नागपूर ही त्याची राजधानी झाली. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला सर रिचर्ड टेम्पल हा या प्रांताचा चीफ कमिशनर म्हणून आला. नव्या प्रांतात नेमके काय आहे, जंगल किती, सागवान किती, माणसे कोण आणि जमीन कशी, हे सरकारलाच ठाऊक नव्हते. ते शोधून काढण्याच्या कामावर जे तरुण अधिकारी नेमले गेले, त्यांत फॉरसिथ होता.

आजचा यवतमाळ जिल्हा त्या वेळी या प्रांतात नव्हता. वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला होता खरा, पण त्याचा कारभार वेगळा चाले. वणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव १९०५ साली मिळाले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९०३ मध्ये, वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. तेव्हा फॉरसिथला यवतमाळचा अधिकारी म्हणता येणार नाही. पण सागवानाचे कोरडे रान, उन्हाळ्यात आटणारे नाले, बांबूची बेटे, गोंड-कोरकूंच्या वाड्या आणि जंगलाच्या कडेला चरणारी गुरे हे त्याने वर्णिलेले जग सातपुड्यातून उतरून पैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत तसेच पसरलेले आहे. मध्य भारतातल्या शिकारीचे जे शास्त्र पुढे रूढ झाले, त्याच्या पायाभरणीत फॉरसिथच्या लेखणीचा मोठा वाटा आहे.

१८६२ च्या जानेवारीत तो जबलपूरकडून नर्मदेच्या खोऱ्याने पश्चिमेकडे निघाला आणि महादेवाच्या डोंगरांत चढला. पचमढीच्या पठारावर कोरकू जहागीरदाराची सत्ता होती. सरकारी माणूस येथे कायमचा ठाण मांडतो आहे हे त्याला रुचणे शक्य नव्हते. अशा ठिकाणी राहून फॉरसिथने जंगलखात्यासाठी एक विश्रामगृह बांधून घेतले. ‘बायसन लॉज’ हे त्याचे नाव आजही टिकून आहे आणि तेथे सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचे संग्रहालय आहे. नावातला बायसन म्हणजे आपला रानगवा. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला चुकीने अमेरिकी बायसनचे नाव दिले आणि ते चिकटून बसले. पचमढीचा ‘शोध’ फॉरसिथने लावला, असे पर्यटन पुस्तिका सांगतात. महादेवाच्या यात्रेला शतकानुशतके जाणाऱ्या भाविकांना आणि तेथेच राहणाऱ्या कोरकूंना या शोधाची गरज नव्हती, हे उघड आहे. विदर्भातून आजही हजारो भाविक महाशिवरात्रीला याच डोंगरावर जातात.

१८६२ ते १८६४ या काळात त्याने प्रांताचा मोठा भाग पायाखाली घातला. बोरीच्या सागवानापासून पूर्वेकडच्या सालवनांपर्यंत आणि नर्मदा-सोन यांच्या उगमाजवळच्या अमरकंटकपर्यंत तो गेला. त्यानंतर निमाड जिल्ह्याची जमाबंदी आणि डेप्युटी कमिशनरचे पद त्याच्याकडे आले. निमाड म्हणजे खंडवा-बऱ्हाणपूरचा मुलूख. त्याच्या दक्षिणेला मेळघाट आणि खानदेश लागतो व बऱ्हाणपुरात आजही मराठी बोलली जाते. दिवसा जमाबंदीची मोजणी आणि सवड मिळेल तेव्हा रानात, असा त्याचा क्रम राहिला. याच वर्षांत त्याने बंदुकीचा विचार कागदावर उतरवला. रायफलीवरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १८६७ साली निघाली, तेव्हा तो तिशीच्याही आत होता.

त्याच्या विचाराचे मोल कळण्यासाठी त्या काळातल्या बंदुकांची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. तेव्हाची बहुतेक हत्यारे ठासणीची होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी कापडी चिंधीसकट गजाने ठासायची, घोड्याखाली टोपी बसवायची आणि बार काढायचा. नळीचे माप मिलिमीटरमध्ये सांगत नसत. एक पौंड शिशाच्या जितक्या गोल गोळ्या त्या नळीच्या मापाच्या होतील तो आकडा म्हणजे ‘बोअर’. म्हणजे आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. बारा बोअरची बंदूक आजही खेड्यापाड्यांत ठाऊक आहे, ते माप याच हिशेबातून आले आहे. चार बोअरची एक गोळी पाव पौंडाची, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमची. ती खांद्यावरून झाडणे म्हणजे स्वतःच्याच हाडांची परीक्षा असे.

नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा पाडल्या की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. हीच रायफल. १८५० च्या सुमारास युरोपच्या लष्करांत लांबट, निमुळत्या गोळीचे युग सुरू झाले होते. फ्रान्समध्ये मिनिएची गोळी आली. इंग्रजांची एन्फिल्ड रायफल आली. १८५७ च्या उठावात काडतुसावरच्या चरबीमुळे ती कुप्रसिद्ध झाली. त्यानंतर व्हिटवर्थची रायफल आली. तिची नळी जेमतेम साडेअकरा मिलिमीटरची, गोळी लांबलचक आणि नेम हजार यार्डांपर्यंतचा. चांदमारीच्या मैदानावर ही रायफल विलक्षण यशस्वी ठरली. साहजिकच हिंदुस्थानात वाघ मारायला निघालेला साहेबही तसलीच रायफल घेऊन येऊ लागला.

फॉरसिथने नेमका येथे आक्षेप घेतला. त्याचा पहिला प्रश्न अंतराचा होता. हिंदुस्थानच्या जंगलात हजार यार्डांवर जनावर दिसते कोणाला? बांबूच्या बेटात, उंच गवतात, नाल्याच्या वळणावर सांबर किंवा वाघ दिसतो तो पन्नास-शंभर यार्डांवर, क्वचित दीडशेवर, आणि तोही काही क्षणच. त्या क्षणी अंतराचा अंदाज घेऊन रायफलीवरची माशी वर-खाली करायला सवड नसते. शिकारीच्या रायफलीची गोळी दीडशे यार्डांच्या आत शक्य तितक्या सरळ रेषेत गेली पाहिजे. लांब पल्ल्याच्या जड गोळीला त्या काळच्या दारूने पुरेसा वेग देता येत नसे. त्यामुळे तिचा मार्ग कमानदार होई. अंतराचा अंदाज वीस-तीस यार्डांनी चुकला की गोळी पाठीवरून तरी जाई किंवा पोटात तरी शिरे.

दुसरा प्रश्न जखमेचा होता. याचे गणित वाचकाला सहज करून पाहता येईल. फॉरसिथच्या पसंतीची रायफल चौदा बोअरची होती. तिच्या गोल गोळीचे वजन पाचशे ग्रेन, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम आणि व्यास साडेसतरा मिलिमीटरच्या थोडा वर. व्हिटवर्थच्या लांबट गोळीचे वजनही जवळपास तेवढेच, ५३० ग्रेनच्या घरात. वजन सारखे, पण जनावरावर आदळणारे तोंड पहिल्या गोळीचे सव्वादोन पटींहून मोठे. निमुळती कठीण गोळी अंगातून आरपार निघून जाते आणि मागे बारीक छिद्र ठेवते. जनावर त्या क्षणी कोसळत नाही. ते मैलभर पळते, झुडपात शिरते आणि दिवसांनी मरते किंवा मरतही नाही. रुंद गोळीचा तडाखा जागच्या जागी बसतो. मैदानावर उणीव ठरणारी गोल गोळी रानात उपयोगी ठरते, ती अशी.

तिसरा प्रश्न पिळाचा होता आणि फॉरसिथचे नाव जुन्या बंदुकांच्या अभ्यासात टिकले आहे ते मुख्यतः यामुळे. गोल गोळीला वेग हवा तर दारू भरपूर हवी. पण नळीतल्या खाचांचा पीळ तीव्र असेल, तर जास्त दारूच्या धक्क्याने मऊ शिशाची गोळी खाचा सोडून सरळ घसरते. मग तिला फिरकी मिळत नाही आणि नेम बिघडतो. या अडचणीवर बरेच जण दारू कमी करत. फॉरसिथने दारू कायम ठेवून पीळ कमी केला. लांबट गोळीला स्थिर राहण्यासाठी जोरात फिरावे लागते. गोल गोळीला अगदी थोडी फिरकी पुरते. व्हिटवर्थच्या नळीत दर वीस इंचांना एक पूर्ण वेढा असे. फॉरसिथने आपल्या चौदा बोअरच्या रायफलीसाठी १०४ इंचांना, म्हणजे साडेआठ फुटांहून अधिक लांबीत एक वेढा सुचवला. नळी जेमतेम दोन-अडीच फुटांची असल्याने गोळी बाहेर पडेपर्यंत पाव वेढाच्या आसपासच फिरे. तेवढ्याने काम भागे आणि पाच ड्रॅम, म्हणजे जवळपास नऊ ग्रॅम काळी दारू भरूनही गोळी खाचा सोडत नसे. गोळीच्या लांबीचा आणि पिळाचा संबंध सांगणारे ग्रीनहिलचे सूत्र १८७९ चे. फॉरसिथने प्रत्यक्ष झाडून पाहत आपले उत्तर त्याआधीच काढले होते.

चौथा प्रश्न गोळीच्या घडणीचा. सगळ्या जनावरांना एकच गोळी चालत नाही, ही साधी वाटणारी गोष्ट त्या काळात साधी नव्हती. वाघ दोनशे किलोच्या आसपासचा असतो, पण त्याची कातडी पातळ आणि हाडे तुलनेने हलकी असतात. रानगवा नऊशे-हजार किलोपर्यंत भरतो आणि त्याच्या खांद्याचे हाड व स्नायू म्हणजे भिंतच असते. मऊ शिशाची गोळी वाघाच्या अंगात पसरते आणि काम करते. तीच गोळी गव्याच्या खांद्यावर चपटी होऊन अडकते. म्हणून गव्यासाठी शिशात कथिलासारखा धातू मिसळून गोळी कठीण करायची, हा त्या काळच्या शिकाऱ्यांचा रिवाज होता. पातळ कातडीच्या जनावरांसाठी फॉरसिथने स्फोटक गोळीचाही प्रयोग केला. गोळीच्या पोटात आघाताने पेटणारे मिश्रण भरायचे आणि तिची घडण अशी करायची की ती आदळल्यावर फुटेल. त्याच्या नावाने अशा गोळ्या त्या काळी प्रसिद्ध होत्या.

आजच्या वाचकाला हे वाचताना अंगावर काटा येईल आणि तो स्वाभाविक आहे. त्या काळच्या जगालाही तो आला होता. १८६८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे युरोपीय राष्ट्रांनी करार करून चारशे ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या स्फोटक गोळ्यांना युद्धात बंदी घातली. पुढे १८९९ मध्ये हेग येथे अंगात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्याही युद्धात वर्ज्य ठरल्या. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यामुळे त्यांना ‘डमडम गोळी’ म्हणत. पण शिकारीत न्याय उलटा चालतो. सैनिकाच्या गोळीने शत्रूला लढाईतून बाजूला केले की पुरे. शिकाऱ्याच्या गोळीने जनावराला तत्काळ मृत्यू आला नाही, तर त्याचे हाल होतात आणि माणसाला धोका उरतो. म्हणून पूर्ण आवरणाची, आरपार जाणारी लष्करी गोळी वाघासारख्या जनावरासाठी अयोग्य मानतात आणि युद्धात निषिद्ध असलेली पसरणारी गोळी त्याच कामासाठी योग्य ठरते.

जखमी जनावराचा धोका फॉरसिथला पुस्तकातून कळलेला नव्हता. बैतूलच्या पश्चिमेकडच्या रानात त्याने एका नरभक्षक वाघाचा पाठलाग केला होता. शंभरावर माणसे त्या वाघाने खाल्ल्याचे सांगितले जाई. रस्ते ओस पडले होते आणि लोकांनी रानात जाणे सोडले होते. माग काढणाऱ्या स्थानिक शिकाऱ्यांच्या मदतीने त्याने तो शोधला आणि हत्तीवरून मारला. हत्तीच्या पाठीवर माणूस क्षणभरही स्थिर नसतो. जनावर काही पावलांवर असते. अशा वेळी दुसरा बार हाताशी हवा, म्हणून दोन नळ्यांची रायफल. पहिला बार फुकट गेला, तरी दुसरी नळी तयार असते. बंदुकीच्या निवडीतली प्रत्येक बाब अशा प्रसंगांतून ठरत गेली होती.

वाघाकडे पाहण्याची त्याची दृष्टी मात्र त्याच्या काळातल्या अनेक शिकाऱ्यांहून वेगळी होती. वाघांचे त्याने तीन प्रकार पाडले. रानातल्या जनावरांवर जगणारा, गुरे मारणारा आणि माणसे मारणारा. पहिल्या प्रकारचा वाघ हा शेतकऱ्याचा शत्रू नसून उपकारकर्ता आहे, असे त्याचे मत होते. हरणे आणि रानडुकरे पिकांची नासाडी करतात आणि हा वाघ त्यांना आवरतो. वाघामागे सरकार रोख बक्षीस देत होते, त्या काळात हे लिहिले गेले आहे. कपाशी आणि तुरीच्या शेतात रोही आणि रानडुकरांचे कळप घुसताना रात्रभर जागणाऱ्या यवतमाळच्या शेतकऱ्याला यातले तथ्य कोणी समजावून सांगायला नको. अर्थात वाघ शेताच्या बांधावर आला की त्याच शेतकऱ्याची झोप वेगळ्या कारणाने उडते.

फॉरसिथला केवळ शिकारी ठरवणे अन्यायाचे होईल. ‘हायलँड्स’मध्ये जंगलांचे, डोंगरांचे, जमातींचे, सावकारी आणि दारूच्या फासाचे वर्णन आहे. रेल्वेच्या स्लीपरांसाठी सागवानाची जी बेसुमार तोड झाली, तिची नोंद आहे. नागपूरचा स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने गोंडांकडून लिंगोची कथा ऐकून उतरवून ठेवली होती. १८६३ साली नागपूरजवळ टाकळघाटच्या बाजूला पुराच्या पाण्यात बुडून हिस्लॉपचा मृत्यू झाला. त्याचे कागद टेम्पलने १८६६ साली छापले. फॉरसिथने त्यातील लिंगोची कथा इंग्रजी पद्यात आणून आपल्या ग्रंथात घातली. पारी कुपार लिंगोला मानणारा गोंड समाज यवतमाळ जिल्ह्यातही मोठ्या संख्येने आहे. बंदुकीच्या पिळाचे इंच मोजणारा माणूस ही कथा छंदात बसवत होता, ही त्याच्या स्वभावाची दुसरी बाजू.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तो सत्ताधाऱ्यांचा माणूस होता. आदिवासींची फिरती शेती त्याला सागवानाचा नाश करणारी वाटे आणि जंगल सरकारच्या हाती घेण्याच्या धोरणाचा तो एक भाग होता. ज्या गोंड-कोरकूंनी त्याला वाटा दाखवल्या, माग काढून दिले, हाका घातला, त्यांच्या हाती चांगली बंदूक येऊ नये अशीच त्या राजवटीची इच्छा होती. त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी आलेल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने ती पुरती अमलात आली.

सततच्या भ्रमंतीनंतर तो इंग्लंडला परतला. १ मे १८७१ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाले, पण ते पाहायला तो उरला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च १८७० मध्ये, मुंबई आणि कोलकाता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपूरला पूर्ण झाला होता. नागपूरला रेल्वे १८६७ सालीच आली होती. ज्या रानात पोहोचायला फॉरसिथला आठवडेच्या आठवडे लागत, तेथे साहेब आता दोन दिवसांत येऊ लागले. त्यांच्या सामानात त्याचे पुस्तक असे.

बंदुकीचे शास्त्र त्याच्यानंतर झपाट्याने बदलले. मागून काडतूस भरायची पद्धत रूढ झाली. हलकी, पोकळ टोकाची, वेगवान गोळी झाडणाऱ्या ‘एक्स्प्रेस’ रायफली आल्या. सांबर-चितळावर त्या उत्तम चालत, पण गव्याच्या खांद्यावर फुटून जात. १८९० च्या दशकात बिनधुराची कॉर्डाइट दारू आली आणि लहान नळीलाही प्रचंड ताकद मिळाली. १८९८ साली .४५० नायट्रो एक्स्प्रेस निघाली. पण जुनी लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलही .४५० चीच. हे काडतूस बंडखोरांच्या हाती जाईल या भीतीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात त्या कॅलिबरवर बंदी आली आणि बंदूक कारखान्यांना .४६५, .४७० अशी जवळची मापे काढावी लागली. स्वातंत्र्यानंतरही .३०३ हे लष्करी माप सामान्य परवानाधारकाला वर्ज्य राहिले आणि इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल आपल्याकडे सर्वपरिचित झाली. कॅलिबरची निवड अशी जनावराइतकीच राज्यकर्त्यांच्या भीतीनेही ठरत आली आहे.

या सगळ्या बदलांत फॉरसिथचे चौदा बोअरचे उत्तर कालबाह्य झाले. प्रश्न मात्र टिकले. किती अंतरावरून, कोणत्या जनावरावर, कोणत्या घडणीची गोळी? जिम कॉर्बेटला १९०७ साली चंपावतच्या वाघिणीच्या शिकारीबद्दल .२७५ ची हलकी रिग्बी रायफल भेट मिळाली आणि १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्याने तिनेच मारला. धिप्पाड वाघांसाठी मात्र तो .४५०/४०० ची जड दुनळी वापरी. ही निवडही त्याच हिशेबातली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय संपवला. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि मेळघाट त्याच्या पहिल्या नऊ प्रकल्पांत होता. यवतमाळ जिल्ह्यात १९९७ मध्ये टिपेश्वर अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम दीडशे चौरस किलोमीटर, सभोवताली गावे आणि शेती. वाघ वाढले की ते बाहेर पडणार, हे ओघानेच आले. फॉरसिथने ज्यांचे कळप पाहिले त्या कठीण जमिनीवरच्या बारशिंग्यांची कान्हातली संख्या १९७० साली ६६ वर आली होती आणि त्यांना मोठ्या कष्टाने वाचवावे लागले. रानम्हशी महाराष्ट्रात गडचिरोलीच्या एका कोपऱ्यात उरल्या. वनस्पती आणि प्राणी पूर्वी कोठवर होते हे ठरवताना अभ्यासक ज्या जुन्या नोंदी पाहतात, त्यांत या शिकाऱ्याचा ग्रंथ आहे. कायदा आज एवढीच वाट मोकळी ठेवतो की, माणसाच्या जिवाला धोका ठरलेले जनावर जिवंत पकडता येत नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाने त्याला मारता येते. पिकांची नासाडी करणाऱ्या रोही आणि रानडुकरांसाठी राज्यात परवानगीची वेगळी तरतूद आहे.

म्हणजे बंदूक जंगलातून पूर्ण गेलेली नाही. परवानगी घेऊन रानडुकरावर छऱ्याचे काडतूस लांबून झाडणारा शेतकरी आणि आदेश हाती घेऊन वाघिणीच्या मागावर निघालेले पथक, दोघांपुढे फॉरसिथचेच प्रश्न आहेत. छरे चाळीस-पन्नास पावलांपलीकडे पांगतात आणि डुक्कर जखमी होऊन ज्वारीत शिरते. सकाळी तेथे जाणारी बाई त्या बारापासून बेखबर असते. भुलीचा बाण हीदेखील एक गोळीच आहे. तिचा वेग कमी, पल्ला त्याहून कमी आणि औषध भिनायला मिनिटे लागतात. अंधारात, चालत्या वाहनातून, पुरेशा तयारीविना ती झाडली, तर तिचाही हिशेब चुकतो.

फॉरसिथ तेहतीस वर्षांचे आयुष्य जगला आणि त्यातली उणीपुरी दहा वर्षे त्याने मध्य भारताच्या रानात काढली. त्या दहा वर्षांत त्याने अनेक जनावरे मारली, हे विसरता येत नाही. तरीही चाप ओढण्यापूर्वी अंतर, गोळी आणि जनावर यांचा विचार पूर्ण झालेला असला पाहिजे, हा त्याचा आग्रह ज्यांच्या हाती आज कायद्याने बंदूक दिली आहे त्यांनी तरी समजून घ्यावा असा आहे. बोराटीच्या त्या रात्रीनंतर न्यायालयांत आणि समित्यांपुढे जे प्रश्न विचारले गेले, ते गोळी सुटण्याआधी विचारायचे असतात, हे त्याच्या त्या विस्मरणात गेलेल्या छोट्या पुस्तकाचे सार आहे.